शहादेवची साखर

बीडमधल्या एका खासगी लॅबला सोमेश्वरनं प्रोग्राम लिहून दिला होता. रक्त तपासणारं मशीन प्रत्येक पेशंटचं नाव आणि आकडे एक्सएमएलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या-शेवटच्या खुणा घातलेल्या मजकुरात, नेटवर्कवरून कॉम्प्युटरला पाठवायचं. प्रोग्राम त्यातून रिपोर्ट काढायचा. दीड वर्ष कसली तक्रार नव्हती.

श्रावणात बायडाबाई नावाची, मेंढरं राखणारी म्हातारी दोन कागद घेऊन लॅबमध्ये आली. इथल्या कागदावर साखर दोनशे शहाऐंशी, महिन्यानं दुसरीकडं तपासली तर ब्याण्णव. महिनाभर तिनं बिनगुळाचा चहा प्याला होता. लॅबच्या डॉक्टरांनी तिची समजूत घातली आणि सोमेश्वरला फोन केला.

मशीनकडून आलेला मजकूर जसाच्या तसा साठवायची सोय त्यानंच केली होती. बायडाबाईच्या तपासणीच्या दिवसाची फाईल उघडताच त्याला कळलं. असा मजकूर एका दमात पोचतोच असं नाही, कधी दोन तुकड्यांत येतो; शेवटची खूण दिसेपर्यंत प्रोग्रामनं थांबायला हवं. हे त्याला माहीत होतं. पण तेव्हा घाई होती, चाचणीत प्रत्येक वेळी अख्खा मजकूर आला होता, म्हणून त्यानं ते काम सोडून दिलं होतं. त्या दिवशी शहादेव नावाच्या पेशंटचं नाव आधी आलं आणि आकडे मागं राहिले. प्रोग्रामनं त्याच्या नावापुढं आधीच्या पेशंटची साखर छापली, चौऱ्याण्णव. मागाहून आलेले शहादेवचे आकडे त्याच्या पुढच्या नंबरच्या बायडाबाईच्या नावाला चिकटले.

डॉक्टर म्हणाले, दुरुस्त कर आणि विषय संपव. दुरुस्ती तासाभरात झाली. पण सोमेश्वरला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शहादेवचा पत्ता घेऊन तो त्याच्या गावी, नांदूरघाटला गेला.

शहादेव ओसरीत बाजेवर बसला होता. उजव्या पायाला पट्टी. शेतात कुळवाची फास, खालचं लोखंडी पातं, पायाला लागली होती. गावातल्या डॉक्टरनं साखर आहे का विचारलं, तेव्हा त्यानं लॅबचा कागद दाखवला होता. जखम चिघळत गेली आणि शेवटी मोठ्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. साखर सापडली ती तिथं.

मशीनवर ढकलता येईल असं बरंच काही सोमेश्वरनं बसमध्ये जुळवलं होतं. त्यातलं त्याला काही बोलवेना.

"चूक मशीनची न्हाई, माझी हाय," तो म्हणाला. "मला म्हाईत असून मी काम अर्धं ठेवलं."

शहादेवनं पायाची पट्टी सारखी केली. "त्या कागदावर माझा लई भरवसा होता," तो म्हणाला.

त्याची बायको वच्छलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "आणखी किती जणांचं असं झालंय?"

सोमेश्वरनं तो एकच दिवस बघितला होता. बाकीच्या फाईली आपण मुद्दाम उघडल्या नाहीत, हे त्याला तिच्यासमोर उभं असताना उमगलं.

"बघितलं न्हाई."

"मग हितं कशाला थांबला तुमी? जाऊन बघा."

दोन दिवस तो फाईली चाळत होता. आणखी सहा नावं निघाली. लोकांना कळवणार असं तो म्हणाल्यावर डॉक्टरांनी त्याचं काम काढून घेतलं. त्यानं स्वतःच्या फोनवरून एकेकाला सांगितलं, परत तपासून घ्या. कुणी शिव्या दिल्या, कुणाला नीट समजलंच नाही. सहाव्या नावाचा फोन त्या बाईच्या मुलीनं उचलला. आई चैत्रात वारली, ती म्हणाली, तुमचं काय काम होतं?

फोन ठेवून देणं सोपं होतं. सोमेश्वरनं आधी आपलं नाव सांगितलं, आणि मग सगळं.