भाताच्या एकोणीस वह्या

त्या काळी मावळात बियाण्याचं भात चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवत. धुराने त्याला कीड लागत नसे. नवऱ्याच्या वह्याही रतनबाईंनी तिथेच ठेवल्या होत्या.

नवरा दत्तोबा भाजे गावाखालच्या सरकारी प्रयोगाच्या शेतावर कारकून होते. एकोणीस वर्षं त्यांनी साठ जातींच्या भाताच्या नोंदी ठेवल्या. कोणतं कधी निसवून लोंबीवर आलं, कोणतं करपा रोगाने गेलं, कोणतं उभं राहिलं. सन बत्तीसला वरून मंजुरी थांबली आणि शेत मोडलं. वह्या कुणी नेल्या नाहीत. दत्तोबा दर वर्षी पुण्याला पत्र टाकत आणि एकच उत्तर येई: यंदा तरतूद नाही, वह्या जपून ठेवाव्यात. मरताना ते रतनबाईंना म्हणाले होते, "कुनीतरी मागायला येईल. एक पान जाऊ देऊ नगंस."

मागायला माणूस आला तो थेट सन चव्वेचाळीसला. ताजुद्दीन नावाचे, शेतकीचं शिक्षण घेतलेले तरुण अधिकारी. करपा पुन्हा पसरला होता आणि जुन्या नोंदी कुणाजवळच नव्हत्या.

"बसायला वेळ नाही, मावशी."

"बारा वर्सं आमी वाट बघितली. तुमी च्या हुईस्तवर बसा."

ते हसले, बसले. रतनबाईंनी गाठोडं सोडलं. पुठ्ठे काळे तुकतुकीत झाले होते, पण वाळवीचं एक भोक नव्हतं. त्यांना धन्य वाटलं. ताजुद्दीनांनी पान उलटलं आणि ते पापडासारखं तुटून हातात आलं.

"हळू वो."

"हळूच धरलंय, मावशी."

दुसऱ्या वहीचं तेच, तिसरीचं तेच. धुराने कागद चहाच्या रंगाचा झाला होता आणि शाईही त्याच रंगाची.

"मला वाचता येत न्हाई. पन इचारा, समदं ध्यानात हाय."

"सत्तावीस साली करप्यातून कोणती जात वाचली?"

रतनबाईंना ते साल लख्ख आठवत होतं. वही भिजू नये म्हणून दत्तोबांच्या डोक्यावर इरलं धरून त्या बांधावर उभ्या राहिल्या होत्या. "वढ्याकडची. तांबूस कुसळाची."

"तशा कुसळाच्या जाती कितीतरी असतात. नंबर कोणता?"

"नंबर ते लिवायचे."

वह्या नेल्या असत्या तर गाडीतच त्यांचा चुरा झाला असता. इथेच बसून उतरवून घेणारा माणूस मिळावा म्हणून ताजुद्दीनांनी कचेरीत अर्ज केला. महिन्याने ते उत्तर घेऊन स्वतः आले. लढाई संपेपर्यंत तरतूद नाही, तोवर जपून ठेवाव्यात.

"कशा?" रतनबाईंनी विचारलं. "खाली ठिवल्या तर वाळवी, पेटीत घातल्या तर वल, वर ठिवल्या तर ह्ये असं. तुमी शिकल्यालं हाये, तुमी सांगा."

ताजुद्दीनांनी उघड्या गाठोड्यातली सुटी पानं वहीत नीट ठेवली. मग टोपी घालून मळवली स्टेशनाच्या वाटेला लागले.

रतनबाईंनी गाठोडं बांधून पुन्हा माळ्यावर ठेवलं, कारण दुसरी जागा नव्हती. मग चुलीतला विस्तव घमेल्यात काढला आणि पडवीत तीन दगडांची चूल पेटवून तिच्यावर भाकरीचा तवा ठेवला. पहिली भाकरी उलटते न उलटते तोच वारा फिरला, आणि धूर उंबरा ओलांडून घरात शिरला, वर माळ्याकडे.