हद्दीच्या दगडाचा पत्ता

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो एक जुना दगड आहे. उंची जेमतेम चार फूट, वय चोवीसशे वर्षं. फिलेरा नावाच्या इवल्याशा ग्रीक नगरराज्याच्या हद्दीचा मी राखणदार. राज्य कसलं, तीनशे उंबरे! पण कुरणावरून शेजारच्या मोठ्या नगराशी रोज खडाजंगी. शेवटी फिलेराच्या लोकांनी कड्यावरच्या खडकात खाच खोदून मला उभं केलं आणि अंगावर कोरलं, 'फिलेराची हद्द'. दर वसंतात तिथली पोरं हद्द चालत येत आणि मला तेल चोपडत. फार लाड झाले माझे.

पुढे शेजाऱ्यांनी नवं नगर वसवलं आणि माझी माणसं तिकडे हलवली. माझ्या वाट्याला शेळ्या उरल्या.

साठ वर्षांपूर्वी थानासिस नावाच्या मेंढपाळाने मला उपटलं, खेचरावर लादून दोन तासांवरच्या आपल्या गावात नेलं आणि दाराशी आडवं टाकलं, अक्षरं खाली. त्याची सून गारुफालिया माझ्यावर बसून शेंगा सोलू लागली.

गेल्या वर्षी लाम्ब्रिनी नावाची पुरातत्त्व संशोधक आली. फिलेरा नेमकं कुठे होतं, हे ती अकरा वर्षं शोधत होती. तिने मला उलटवलं आणि अक्षरं मोठ्याने वाचली.

"म्हणजे फिलेरा इथेच होतं!"

"वेशीवर पाटी लावू!" कॉफीवाला पानागोस नाचायलाच लागला. "पाहुणे येतील, बंद शाळा उघडेल. काकू, नशीब काढलंत!"

'इथे नव्हतं हो!' असं ओरडावंसं वाटलं मला. पण तेव्हा मला तोंड कुठे होतं? गारुफालियाने मात्र शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

"सासऱ्यांनी आणलाय हा, पलीकडच्या कड्यावरून," ती म्हणाली. "मी नवी नवरी होते तेव्हा."

"काकू, गप्प बसायला काय घ्याल?" पानागोस कळवळला.

"अरे, आपलं गाव ओस पडतंय म्हणून दुसऱ्याचं चोरायचं? तेही कुणाचं तरी गाव होतंच की."

मला कड्यावर नेलं. कुरकुरत का होईना, दोर पानागोसनेच धरला. खडकातल्या खाचेत माझा पाय अचूक बसला. खालच्या उतारावर झुडपांत भिंतीची ओळ दिसली, तेव्हा लाम्ब्रिनीला रडू आवरेना.

मित्रांनो, जुनी वस्तू हलवावी लागली तर हलवा, पण कुठून उचलली ते विसरू नका. मी घरी पोहोचलो तो एका म्हातारीच्या आठवणीमुळे.

"आता मी बसू कशावर?" गारुफालिया पुटपुटली. कबरीवर दिवा लावतात तसा त्या गावासाठी लावायला तिने घरून तेल आणलं होतं. दिव्यात ओतताना त्यातलं बरंचसं तेल माझ्या अंगावर सांडलं.