शांततेचा दाणा

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक पांढरा उंदीर आहे. वय दोन वर्षं, म्हणजे आमच्यात आजोबाच. माझा जन्म न्यू जर्सीतल्या एका पिंजऱ्यात झाला. माणसांपैकी मी पहिल्यांदा ओळखलं ते वल्लरीताईला. तिच्या बाहीला फोडणीचा वास यायचा.

तिने मला एक खेळ शिकवला. पेटीत शिट्टी वाजली की उजव्या भोकात नाक घालायचं. शांत असलं की डाव्या. बरोबर सांगितलं की गोड दाणा. "शहाणा रे माझा," म्हणत ती तळहात पुढे करायची आणि मी त्यावर चढून बसायचो. खरं सांगणाऱ्याला दाणा मिळतो, एवढंच जग मला ठाऊक होतं.

एके सकाळी त्याच तळहातावरून तिने मला दुसऱ्या खोलीत नेलं. औषधाने झोपवलं आणि माझ्या एका कानाशी फार मोठा आवाज सोडला. जागा झालो तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. ती अजून थांबलेली नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. शिट्टी ऐकू येत होती, म्हणून मी उजवीकडे गेलो. दाणा आला नाही. पुन्हा गेलो. नाहीच.

वल्लरीताईने मात्र आनंदाने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिच्या बाबांच्या, म्हणजे प्रल्हादकाकांच्या कानातही कित्येक वर्षं अशीच शिट्टी आहे. त्यांच्यासाठीच तिने हा अभ्यास निवडला होता.

"बाबा, बघा, राइटला गेला. म्हणजे याला टिनिटस आहे, तुमच्यासारखीच कानातली शिट्टी."

"मग त्याला दाणा का नाही दिलास? बरोबर तर सांगतोय बिचारा."

"अहो, बॉक्समध्ये आवाजच नाहीये. दाणा दिला तर टेस्ट बिघडेल."

काका म्हणाले, "मलाही सगळे हेच सांगतात, वल्लरी. आवाजच नाहीये."

तिने फोन खाली ठेवला. मग तळहात पुढे केला. फोडणीचा वास तोच होता. मी कोपऱ्यातून हललो नाही.

मित्रांनो, काकांची शिट्टी थांबावी, असं मलाही वाटतं. त्यासाठी माझा कान गेला, तो गेला. पण ज्याला तुम्ही खरं सांगायला शिकवता, त्याने खरं सांगितल्यावर त्याचा दाणा अडवू नका.