गट दोन, प्लॉट तेरा

हर्षालीने कॉम्प्युटरवरचा तो आकडा तिसऱ्यांदा वाचला.

पिंपळगावातल्या एका पॅकहाऊससाठी द्राक्षांच्या तपासणीचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. प्रयोगशाळेचा प्रत्येक रिपोर्ट एका खुणेखाली ठेवायचा आणि ती खूण गट नंबर व प्लॉट नंबर मिळून करायची. पॅकहाऊसची माणसं क्रेटवर खडूने दोन्ही आकडे चिकटवूनच लिहीत, मधे साधी रेघ नाही. क्रेट कुणाचा ते त्यांना तोंडपाठ. हर्षालीबाईंनीही प्रोग्रॅममध्ये तसेच चिकटवले. कॉम्प्युटरला काय माहीत कोण कुणाचा?

गट एकवीस, प्लॉट तीन ही तिच्या वडिलांची, सहादूअण्णांची बाग. खूण २१३. गट दोन, प्लॉट तेरा एका बड्या बागायतदाराचा. त्याचीही खूण २१३. अण्णांचा स्वच्छ रिपोर्ट आधी चढला होता. दोन दिवसांनी त्याच जागी दुसऱ्याचा येऊन बसला, त्यात बंदीचं औषध सापडलेलं. पहिला पुसला गेला, आणि कुणाला पत्ता नाही.

तो रिपोर्ट अण्णांच्या बागेचा समजून हर्षालीने घरी वाचून दाखवला होता. अण्णांच्या बागेत फवारणी करायचा बहिरू, सुरगाण्याहून नऊ वर्षं येणारा. तुम्ही दिलं तेच औषध मारलं, असं तो पोरांची शपथ घेऊन सांगत राहिला. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं तेव्हा हर्षालीच म्हणाली होती. अण्णांनी त्याला कामावरून काढलं, आणि बहिरू व त्याची बायको चतुराबाई त्याच दिवशी बोचकं घेऊन गावाकडच्या जीपमध्ये बसले.

आता दुरुस्ती एका ओळीची होती. दोन आकडे चिकटवायचे नाहीत, जोडी म्हणून वेगळेच ठेवायचे. तिने ती केली आणि तशीच घरी गेली. अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते.

“अण्णा, बहिरूने काही केलं नव्हतं. चूक माझी होती.”

तिने सगळं सांगितलं. अण्णांच्या हातातला पेपर खाली आला.

“परवा आला व्हता तो,” ते म्हणाले. “फाटकापाशी उभा राहिला. एकदा परत तपासा, एवढंच म्हणत व्हता. म्या कुत्रं सोडलं त्याच्यावर.”

हर्षालीने फाटकाकडे पाहिलं.

“त्याच्या दारात आता कोणत्या तोंडानं उभा राहू, पोरी?”

“मी येते बरोबर,” ती म्हणाली, पण तिलाही ते तोंड कुठून आणायचं ते कळत नव्हतं.