तिसऱ्या खांबावरची थरथर

मी एक जुनी प्रवासी बस आहे. मित्रांनो, माझा पोचे आलेला पत्रा बघून नाक मुरडू नका. एकवीस वर्षं मी नदीच्या अलीकडच्या वस्तीतली माणसं पलीकडच्या इस्पितळापर्यंत पोचवली. माझे चालककाका अबोल. पूल आला की तिसरा गिअर, पस्तीसचा वेग आणि तोंड बंद, हा त्यांचा नेम. त्यांची लेक त्याच इस्पितळात परिचारिका होती. रोज सकाळी ती त्यांच्या पाठीमागच्या बाकावर बसायची.

काकांचा हा एकसारखा वेग बघूनच पूल तपासणाऱ्या इंजिनिअर मॅडमनी मला निवडलं. माझ्या मागच्या चाकांच्या आसावर त्यांनी डब्याएवढं एक यंत्र बसवलं. गाडी जाताना पूल किंचित डोलतो, तो डोल चाकांतून गाडीत उतरतो आणि यंत्र तो टिपून ठेवतं. पूल आतून दुखावला की त्याचा डोल बदलतो. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! आजवर माझ्या थरथरण्याला लोक कंटाळायचे, आता तीच कामाची ठरली.

"गाडीचा एक नट जरी बदललात तरी मला कळवा," मॅडमनी आगारातल्या मेकॅनिकला बजावलं. हा मेकॅनिक म्हणजे काकांचा मेहुणा. पाना कायम खिशात, म्हणून सगळे त्याला पान्या म्हणत. माझ्यावर त्याचा भारी जीव.

पाच महिन्यांनी तिसऱ्या खांबावर माझी थरथर वाढली. गाडीचंच काही बिघडलंय का, असं मॅडमनी पान्याला सहज विचारलं. ते त्याच्या जिव्हारी लागलं. सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने माझे मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले आणि यंत्राखाली जाड रबर घातलं. कुणाला चकार शब्द सांगितला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हातारपणी हाडं दुखायची थांबली तर कोण तक्रार करेल?

यंत्रातली थरथर निवली. पूल काही आपोआप बरा होत नाही, तेव्हा दोष गाडीतलाच तात्पुरता असणार, पूल ठणठणीत आहे, असं मॅडमना वाटलं. तसा अहवाल शुक्रवारी जाणार होता आणि त्यावरच पूल चालू राहणार होता.

काकांना मात्र चैन पडेना. पाटे मागचे बदलले होते, पुढची चाकं होती तशीच होती. तिसऱ्या खांबावर स्टिअरिंग त्यांच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त थरथरत होतं. गुरुवारी पहिल्या फेरीआधीच ते माझ्याखाली वाकले आणि त्यांना रबर दिसलं.

"हे तू केलंस?" त्यांनी पान्याला विचारलं.

"तुमच्या गाडीला नावं ठेवत होत्या त्या, दाजी."

"अरे, माझी लेक बसते या गाडीत."

पान्याने तिथूनच मॅडमना फोन करून सगळं कबूल केलं, रबर काढलं आणि जुने पाटे पुन्हा चढवले. त्या दिवशी मी प्रवासी न घेता पुलावर गेले. मॅडम नको म्हणत असताना पान्या मागच्या बाकावर बसून राहिला. तिसरा खांब आला आणि मी लपवलेलं सगळं यंत्राला सांगून टाकलं.

दुपारी पूल बंद झाला. तिसऱ्या खांबावर, तुळईच्या पोटात, मनगट जाईल एवढी भेग सापडली.

दुरुस्तीला दीड वर्ष लागलं. तोवर माझं वय सरलं. आता मी आगाराच्या कोपऱ्यात, टायरांशिवाय उभी आहे. यंत्र नव्या बसवर आहे. पान्या साधा बोल्ट आवळला तरी आधी मॅडमना फोन लावतो. काकांची लेक जाता-येता माझ्या पत्र्यावर हात ठेवते. तेव्हा मला फार लाज वाटते. कारण ज्या दिवसांत मी सुखाने गप्प होते, त्या दिवसांत माझ्यात रोज बेचाळीस माणसं बसत होती, आणि तीही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी जुनं थरथरायला लागलं तर त्याला नुसतं शांत करू नका. ते कुणाचं दुखणं सांगतंय, हे आधी विचारा.