फोनात मावेल एवढे बाबा

कुसुमताईंनी टावर चौकातल्या छपाईच्या दुकानाच्या काउंटरवरच गुंडाळी उलगडली आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"मिशा आहेत ह्या की विटा?"

विक्रांत खाली बघत राहिला. दोन फुटी कागदावर त्याच्या वडिलांचा चेहरा नुसता चौकोनी ठिपक्यांचा झाला होता. मधुकररावांनी हयातभर फोटोला नकार दिला. आयकार्डावर एक होता, त्यात ते चोरासारखे दिसत. म्हणून साठी उलटल्यावर कुसुमताई टॅब्लेटवर चित्र काढायला शिकल्या आणि आठवून आठवून त्यांनी नवरा उतरवला. रविवारी वर्षश्राद्ध होतं. चार माणसांसमोर हे ठेवायचं?

दुकानदारानं हात झटकले. "माताजी, फाइल ही छोटी आई है. बड़ा करेंगे तो फटेगा ही."

"छोटी कशी? मी चांगली मोठी काढली होती."

"आई, ते ग्रुपवर टाकायचं होतं ना," विक्रांत पुटपुटला. "तात्याकाकांचा फोन झट भरून जातो. म्हणून सेव्ह करताना मीच साइज कम केली."

ही घरातली जुनी रीत. बारसं असो, लग्न असो, फोटो आधी तात्यांच्या फोनाला झेपेल एवढा करायचा, मगच पाठवायचा.

"मग मूळचं चित्र?"

"त्याच्यावरच सेव्ह झालं."

"परत मोठं कर."

"मोठं होईल. पण त्यातलं जे गेलं, ते येत नाही."

कुसुमताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाकाजवळचा तीळ, भुवईतला तो एकच पांढरा केस. महिनाभर एकेक आठवून ठेवलेलं या शहाण्यानं न विचारता पुसून टाकलं होतं.

"काकाच्या फोनात मावावा म्हणून बाप छाटलास," त्या म्हणाल्या.

शरमला की विक्रांतची डावी भुवई थेट बापासारखी किंचित वर जायची, तशी ती आताही गेली.

कुसुमताई बघतच राहिल्या. राग होता तिथेच होता. त्यांनी गुंडाळी बाजूला सारली, काउंटरजवळचं स्टूल त्याच्याकडे ढकललं आणि पिशवीतून टॅब्लेट काढला.

"बस. मान जरा इकडे. ती भुवई खाली आणू नकोस."

"इथे? दुकानात?"

"कागद केवढा घ्यायचा ते या दुकानदारांना विचार. आणि सेव्ह मी करीन. तात्यांना सांग, बघायचं असेल तर घरी या म्हणावं."