सातव्या महिन्यातले सात चंद्र

सातव्या महिन्यात बाईला हिरवं नेसवतात.

नेपाळच्या झेंड्याला चार नाही, पाच कोपरे असतात. पाचवा आत घुसलेला असतो, तिथे सुई हमखास मोडते.

सोसायटीच्या गच्चीवर पापड वाळत घालायला परवानगी आहे. झेंडे, फलक आणि पताका लावायच्या तर सेक्रेटरीला विचारून.

फुटबॉलचा शेजार चषक. भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान. चार संघ, आठ दिवस, नव्या मुंबईतलं मैदान.

रखमाबाईंनी आयुष्यात फुटबॉलची एकही मॅच पाहिलेली नाही.

पांढरी पट्टी सगळ्यात शेवटी लागते.

त्या पांढऱ्या पट्ट्या शलाकाच्या पिशवीत होत्या. बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षात बसताना तिने पिशवी मांडीवर घेतली आणि वर ओढणी टाकली. उल्हासनगरला मुकेशशेठच्या कारखान्यात एरवी जीन्स शिवतात. तिथून ती घरी काम आणायची: धागे कापायचे, काठ दुमडायचे. या खेपेला चषकाचे झेंडे आले होते. नेपाळ झाला, बांगलादेश झाला. उरला तो एक गठ्ठा तिने घरात माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे ढकलून ठेवला होता. गडद हिरवं सॅटिन, त्यावर पांढरी चंद्रकोर आणि चांदणी. पट्टी लागायची बाकी होती. ती लावायची, बांधायचं, परत द्यायचं, सुटायचं, असा तिचा हिशेब.

"घरी दाखवू नको कोणाला," मुकेशशेठ म्हणाला होता. "मेरा दादा उधर सिंधसे आया था, फिर भी मैं ये माल पेपरमें लपेटके देता हूँ. समझी ना?"

तिला समजलं होतं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका पोराने मोबाईलवर कसलासा फोटो टाकला होता. संध्याकाळी खाली दीडशे माणसं जमली. त्या घराला अजून भाडेकरू मिळत नाही.

सोसायटीपाशी रिक्षा थांबली तेव्हा गच्चीवरून गाणं ऐकू येत होतं. आज नणंदेचं, प्राचीचं, डोहाळजेवण. दुपारीच चांदण्यातलं करायचं म्हणून पुठ्ठ्याच्या चंद्राचा झोपाळा भाड्याने आणला होता. शलाका चार जिने चढून वर गेली आणि दारातच थांबली.

प्राची चंद्रावर बसली होती. फुलांची वाडी, हातात धनुष्यबाण. तिच्या मागे, दोरीवर, ओळीने सात हिरवी सॅटिनं. सात चंद्र. सात चांदण्या.

"आलीस?" सासूबाई पुढे आल्या. रखमाबाई बारवी धरणाकडच्या, शहरात येऊन वीस वर्षं झाली तरी बोली तीच. "त्या डेकोरेशनवाल्याचा पडदा फाटका निघाला बघ. मी चटई काढाया माळ्यावर चढले, तं ह्यो गठ्ठा. हिरवा बी हाय, चंद्र बी हाय. देवानंच धाडला गं."

"आई," शलाका हळूच म्हणाली. "ते काढू या."

"गरवारशीच्या पाठचं हिरवं काढतात का कुनी? खुळी का काय तू?"

तीस बाया होत्या. कोणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. ओरडलं तर सगळ्यांच्या येईल. गप्प राहिलं तर? फोटोग्राफर भावेश स्टुलावर चढून फोटो काढत होता. शलाकाने पिशवी पोटाशी धरली. तिला वाटलं, पिशवीतून पट्ट्या आपोआप बाहेर सरपटतील आणि एकेका चंद्राच्या बाजूला जाऊन चिकटतील.

फोन थरथरला. सोसायटीचा ग्रुप. प्राचीच्या नवऱ्याने, याच सोसायटीतल्या अवधूतने, फोटो टाकला होता.

*छान.*

*लक्ष्मी येणार.*

*जिलबी वर पाठवा कोणीतरी.*

मग तिसऱ्या मजल्यावरचे श्यामकांत, सरकारी कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, ग्रुपवर इतरांचं शुद्धलेखन तपासणारे:

*मागे नेमके काय लावले आहे?*

त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. एक मिनिट. दोन. खाली माणसं जमायला किती वेळ लागतो, ते शलाकाला माहीत होतं. चहा उकळायला लागतो तेवढा.

पेढा की बर्फीच्या खेळासाठी वाट्यांवर आकडे घालायला काळा मार्कर आणला होता. तिने तो उचलला आणि सरळ झोपाळ्यामागे गेली.

"आगं, काय करतंस?"

"डोळे काढते, आई. चांदोमामाला."

तिने पहिल्या चंद्राला डोळा काढला, नाक काढलं, हसरं तोंड काढलं. चांदणीला मिशा काढल्या. बाया हसायला लागल्या. घाईत तिसरा चंद्र चकणा झाला.

"वहिनी, हा डिट्टो दादासारखा दिसतोय," प्राची म्हणाली.

"त्याला सांग मग, चंद्रावर गेलास म्हणून," कोणीतरी म्हणालं, आणि आणखी हशा झाला. शलाकाही हसली. सातही झाले तेव्हा तिने भावेशला नवा फोटो काढायला लावला आणि स्वतः ग्रुपवर टाकला: *चांदोमामा.*

श्यामकांतांचं उत्तर आलं.

*अच्छा.*

एवढंच. पुढे पूर्णविराम. तो पूर्णविराम तिने दहादा उघडून पाहिला.

दिवेलागणीला तिचा नवरा कैलास आनंदनगर एमआयडीसीतली ड्यूटी संपवून आला. तिने दार लावून सगळं सांगितलं.

"पट्टी नव्हती ना? मग तो झेंडा नाहीच," तो म्हणाला.

"ज्याला बघायचाय तो पट्टी मनात लावील."

"पण आता तर डोळे काढलेस."

"तेच तर. आधी आपल्या लोकांची भीती होती. आता दुसऱ्याच्या झेंड्याला मिशा काढल्या म्हणून तिकडच्यांची."

कैलास हसला. मग हसायचा थांबला, उठला आणि कडी नीट बसलीय का ते पाहून आला. ते कापड जाळावं तर धूर होईल. घंटागाडीत टाकावं तर कचरेवाला पिशवी उघडतो. मुकेशशेठला काय तोंड दाखवायचं, हा विषय दोघांनीही काढला नाही.

बेल वाजली.

दारात सेक्रेटरी गुरुदत्त. हातात मोबाईल, त्यावर तोच फोटो, पहिला, डोळ्यांआधीचा. दोन बोटांनी मोठा केलेला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. हे मागचं कापड कुठून आणलंत?"

शलाकाने चौकट धरली. कैलास मागे उभा राहिला, त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

"का हो भाऊ?"

"पुढच्या रविवारी माझ्या पुतणीचं आहे, राजसीचं. तिला सेम हेच पाहिजे. अंबरनाथला हॉल घेतलाय, मोठा. पाचशे माणूस होईल."

"ते... ते खराब झालंय. मार्कर लागलाय."

"मार्करवालंच पाहिजे तिला. दुसऱ्या फोटोतला चकणा चंद्र लय आवडला."

"नाही म्हणजे, परत द्यायचंय—"

"दे गं," आतून रखमाबाईंचा आवाज आला. "शुभ कामाला न्हाई म्हनू नये."

गुरुदत्त वाट पाहत होता. नाही म्हटलं तर तो विचारील, का नाही. शलाका आत गेली, सातही कापडांची घडी घातली, चंद्र आतल्या बाजूला येतील अशी, आणि त्याच्या हातात दिली. तो जिना उतरेपर्यंत ती दारातच उभी होती. पांढऱ्या पट्ट्या अजून खांद्यावरच्या पिशवीत होत्या.

पाकिस्तानच्या संघाला व्हिसा नाकारल्याची चार ओळींची बातमी, शलाका तो गठ्ठा घरी घेऊन आली त्याच दिवशीच्या पेपरात, पान अकरावर होती. मुकेशशेठने गठ्ठा गुंडाळला होता तो त्याच पानात.